सवलत कंपनीला, ब्रेक आपल्याला : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील रोजगाराचा हिशोब

रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक चोवीस वर्षांचा मुलगा माझ्याजवळ थांबला. त्याने पाकिटातून तीन ओळखपत्रे काढली आणि विचारले, "ताई, यातलं कोणतं दाखवलं तर बँक लोन देईल?" तिन्ही कार्डांवर फोटो त्याचाच होता. पहिल्या कार्डावर एका प्रशिक्षण संस्थेचे नाव होते, दुसऱ्यावर एका ठेकेदाराचे आणि तिसऱ्यावर दुसऱ्याच ठेकेदाराचे. तीन वर्षांत त्याची जागा मात्र बदललेली नव्हती. चाकणमधला तोच कारखाना, तीच लाईन, तेच मशीन. कागदावर तो आधी 'ट्रेनी' होता, मग 'हेल्पर', मग पुन्हा नवा कामगार.

त्याचे वडील एका सरकारी कारखान्यातून कायम कामगार म्हणून निवृत्त झाले. आयटीआय न करता त्यांना पीएफ, ग्रॅच्युइटी आणि राहायला क्वार्टर मिळाले. मुलाने आयटीआय केला आणि त्याला दर सात महिन्यांनी ब्रेक मिळतो.

आपल्या वस्त्यांत हा प्रश्न बहुतेक वेळा 'मुलगा टिकत नाही' किंवा 'नशीब नाही' असा बोलला जातो. हा नशिबाचा भाग नाही. बाप आणि लेकाच्या मधल्या काळात राज्याचे आर्थिक धोरण बदलले. ते कसे बदलले, कामगाराच्या घरात त्याचा परिणाम कसा दिसतो, आणि कायद्यात आपल्या हक्काचे काय आहे, हे तरुणांना आणि कार्यकर्त्यांना एका ठिकाणी मिळावे म्हणून हा लेख.

१९५४ : देहूरोड आणि पिंपरी

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच वर्षी तिथून काही मैलांवर पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना झाली. सार्वजनिक क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. पेनिसिलीन बाहेरून आणण्याऐवजी ते आपल्याकडे तयार व्हावे, हा त्यामागचा विचार होता.

देहूरोडचे लष्करी डेपो आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, खडकीचे दारूगोळा कारखाने, रेल्वे आणि पिंपरीची 'एचए' ही या पट्ट्यातली सरकारी नोकरीची ठिकाणे. आपल्या समाजातल्या अनेक कुटुंबांचे इथले पहिले पाऊल याच ठिकाणी पडले. पुढे १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडून माणसे आली. कोणी बांधकामावर लागले, कोणी कारखान्यात.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले. शेतकऱ्यांकडून जमीन घ्यायची, रस्ते-पाणी-वीज पुरवायची आणि भूखंड उद्योगांना द्यायचे, हे तिचे काम. पिंपरी, भोसरी, चिंचवड, आकुर्डी हा पट्टा अशा रीतीने उभा राहिला. टेल्को आली, बजाज ऑटो आली, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती.

त्या काळात मोठ्या कंपनीत लागणे म्हणजे कायम होणे, असे समीकरण होते. ते कोणी भेट दिले नव्हते. त्यासाठी संघटना झाल्या, संप झाले. १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि सरकारने पोलीस बळाने ते आंदोलन मोडले. अनेक जुने कामगार आजही त्या घटनेपासून पुढचा काळ मोजतात.

१९९१ नंतर केंद्राचे धोरण बदलले. सार्वजनिक उद्योग वाढवायचे नाहीत, खासगी आणि परदेशी गुंतवणूक आणायची, असे ठरले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा आणि नंतर कंपनीच विकण्याचा निर्णय घेतला. १ ऑक्टोबर २०२१ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या आणि देहूरोडची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. बजाज ऑटोने १९९९ मध्ये चाकणला कारखाना सुरू केला आणि २००७ मध्ये आकुर्डीचे उत्पादन बंद केले. ३१ मार्च २००९ रोजी चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास मर्सिडीज-बेंझ पिंपरीहून चाकणला गेली, पाठोपाठ महिंद्राही आली.

कारखाने वाढले, उत्पादन वाढले. पण ज्या नोकऱ्यांत आरक्षण होते त्या आटल्या, आणि वाढल्या त्या नोकऱ्यांत आरक्षण कोणी लागू केले नाही. आपल्या समाजासाठी या सगळ्या बदलाचा अर्थ एवढ्या एका वाक्यात आहे.

सवलती कशा मिळतात?

महाराष्ट्रात १९६४ पासून 'सामूहिक प्रोत्साहन योजना' चालू आहे. दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते. २०१३ आणि २०१९ च्या आवृत्त्या अलीकडच्या. मूळ हेतू चांगला होता. मुंबई-पुण्यात उद्योगांची गर्दी झाली आहे, तेव्हा मागास तालुक्यांत जाणाऱ्या उद्योगाला जास्त सवलत द्यावी, असा तो हेतू. पुढे मोठ्या गुंतवणुकीसाठी 'मेगा प्रकल्प' हा वर्ग आला आणि अशा प्रकल्पाला मंत्रिमंडळाच्या पातळीवर खास पॅकेज मिळू लागले.

सवलतींचे मुख्य प्रकार असे : मुद्रांक शुल्कात माफी, वीज शुल्कात माफी, आणि राज्याला मिळालेल्या विक्रीकरातून काही वर्षे परतावा. हा कर आधी व्हॅट होता, १ जुलै २०१७ पासून राज्याचा जीएसटी आहे. हा कर कंपनी स्वतःच्या खिशातून भरत नाही. वस्तू विकत घेणारा ग्राहक तो भरतो. म्हणजे परतावा दिला जातो तो लोकांच्या पैशातून.

पैसा लोकांचा असेल तर अटी हव्यात, आणि तशा अटी आहेतही. सवलत घेणाऱ्या उद्योगाने एकूण रोजगारात किमान ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के स्थानिक, म्हणजे महाराष्ट्राचे रहिवासी घ्यावेत, ही अट सर्वांना ठाऊक आहे. निवडणुकीच्या सभांत तिच्यावर टाळ्याही मिळतात. पण तीत दोन जागा मोकळ्या आहेत. पहिली : कामगार कायम हवा की कंत्राटी चालेल, यावर तिचा भर नाही. सात महिन्यांनी बदलला जाणारा मुलगाही 'स्थानिक रोजगार' म्हणून मोजता येतो. दुसरी : स्थानिकांमध्ये अनुसूचित जाती-जमातीचे किती, हा प्रश्नच त्यात नाही.

एका लाईनवर पाच प्रकारचे कामगार

चाकणच्या एखाद्या शॉपफ्लोअरवर उभे राहिलात तर सगळे सारखेच काम करताना दिसतील. युनिफॉर्मचा रंग मात्र वेगळा असतो. तो रंग काय सांगतो ते तरुणांनी नोकरी धरण्याआधी समजून घ्यावे.

कायम कामगार : कंपनीच्या हजेरीपटावर. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, युनियनचा पगारवाढ करार, सगळे लागू.

कंत्राटी कामगार : नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर, काम कंपनीचे. पीएफ आणि ईएसआय कायद्याने लागू आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने तो द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. त्या कायद्यात २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठेकेदाराला परवाना घ्यावा लागे. महाराष्ट्राने दुरुस्ती करून २०१७ च्या सुरुवातीला ही मर्यादा ५० वर नेली. तेव्हापासून ४९ माणसांचा ठेकेदार परवान्याच्या नोंदीतच येत नाही.

मुदतीचा कामगार, म्हणजे फिक्स टर्म : नेमणूक थेट कंपनीची, पण ठरलेल्या तारखेपर्यंत. मुदत संपली की कपात न म्हणता काम संपते.

अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार : १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली. कायदा त्याला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. म्हणून पीएफ नाही, ईएसआय नाही, पगाराऐवजी विद्यावेतन. मात्र कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, असे याच कायद्याचे कलम १६ सांगते. प्रेस मशीनवर बोट गेलेल्या मुलाला 'तू ट्रेनी आहेस, तुला काही लागू नाही' असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे.

इतर ट्रेनी : २०१३ मध्ये 'नीम' नावाची केंद्राची योजना आली. तिच्याखाली 'शिका आणि कमवा' म्हणत हजारो मुले थेट उत्पादनाच्या लाईनवर उभी राहिली. पुढे ती योजना बंद झाली, पण ट्रेनी घेण्याची सवय राहिली. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, मुदत सुरुवातीला सहा महिने, नंतर अकरा. हे विद्यावेतन सरकार देते. मुदत संपल्यावर कामावर घ्यायचे बंधन मालकावर नाही.

सात महिन्यांच्या ब्रेकचे मूळही कायद्यातच आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत ४-सी अशी तरतूद होती : बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा झालेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस. २४० चा आकडा जवळ येण्याआधी मुलाला घरी पाठवायचे, काही दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत घ्यायचे. संरक्षणासाठी लिहिलेला आकडाच अशा रीतीने काढून टाकण्याची तारीख झाला.

'स्टायपेंड' शब्दाची किंमत

हा फरक रुपयांत मांडून पाहू. दोन मुले, दोघांच्या हातात महिन्याला १५,००० रुपये. एकाला 'पगार', दुसऱ्याला 'स्टायपेंड'. सोयीसाठी सगळी रक्कम मूळ वेतन धरू.

पगारावर मालकाचा पीएफ वाटा १२ टक्के, म्हणजे महिना १,८०० आणि वर्षाला २१,६०० रुपये. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे वर्षाला ५,८५० रुपये. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, भागिले २६ या सूत्राने ८,६५४ रुपये. बेरीज होते ३६,१०४. बोनस यात धरलेलाच नाही. 'स्टायपेंड' हा एक शब्द लिहिला की एका मुलामागे एका वर्षात एवढी रक्कम वाचते. लाईनवर अशी दोनशे मुले असतील तर हा आकडा ७२ लाखांवर जातो.

ही रक्कम कुटुंबाच्या बाजूने मोजली तर ती म्हाताऱ्या आईचे ऑपरेशन असते, बहिणीची फी असते. ईएसआय कार्ड असते तर चिंचवडच्या मोहननगरमधल्या कामगार विमा रुग्णालयात सगळ्या घराला उपचार मिळाले असते. ते नाही म्हणून खासगी दवाखाना, आणि बिलासाठी बचत गटाचे किंवा फायनान्सचे कर्ज.

पेन्शनचेही तसेच. पीएफच्या पेन्शन योजनेत किमान दहा वर्षांची सेवा लागते. दर ब्रेकला मुलगा पैसे काढून घेतो, कारण घरभाडे थांबत नाही. तिशी उलटते तेव्हा दहा वर्षे कष्ट झालेले असतात, पण सेवा शून्य.

बायकांचा हिशोब आणखी वेगळा. कँटीन, हाउसकीपिंग, पॅकिंग या कामांवर आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी स्त्रिया आहेत आणि त्या बहुतेक ठेकेदाराकडे आहेत. ईएसआयमधून २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, पण त्यासाठी आधीच्या काळात ठरावीक ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ब्रेक नेमका मधे आला की हक्क जातो. कायद्यात रजा आहे आणि बाईला ती मिळत नाही, असे त्यामुळे घडते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला आणि तिमाहीतली ओव्हरटाईमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले गेले. ज्याला उद्या गेटवर अडवले तर विचारणारे कोणी नाही, त्याची संमती कशी असते हे वेगळे सांगायला नको. मोई, कुरुळी, निघोजे इथे भाड्याच्या खोलीत चार-पाच जणांत राहणाऱ्या मुलाचे बारा तास कामात आणि दोन तास चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गेले, तर तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कधी करणार आणि विहारात कधी येणार?

तळेगावने काय शिकवले

चाकणला लागून असलेल्या तळेगावात जनरल मोटर्सने २००८ मध्ये कारखाना सुरू केला. डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले. हजाराहून अधिक कायम कामगार रस्त्यावर आले आणि पुढची काही वर्षे न्यायालयात आणि उपोषणात गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखान्याची मालमत्ता घेण्याचा करार केला. जमीन, इमारती आणि यंत्रे नव्या मालकाकडे गेली. वर्षानुवर्षे ती यंत्रे चालवणाऱ्यांना सामावून घ्या, ही कामगारांची मागणी होती. मालमत्तेच्या व्यवहारात माणसे धरलेली नव्हती. तेव्हा कायम असणेही पुरेसे नाही. कारखाना येताना रोजगाराचे आकडे सांगितले जातात, तसे तो जाताना कामगारांचे काय, हेही करारात लिहिलेले असावे लागते.

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा राज्यात मोठे राजकारण झाले. नोकऱ्या गेल्या म्हणून आंदोलने झाली. त्या नोकऱ्या कायम असणार होत्या की कंत्राटी, हे फारसे कोणी विचारले नाही. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेरही पडली.

याच फॉक्सकॉनचा अमेरिकेतला अनुभव पाहण्यासारखा आहे. २०१७ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने तिला १३,००० नोकऱ्यांच्या बदल्यात सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. नोकऱ्या झाल्या नाहीत. सवलत नोकऱ्यांशी बांधलेली होती, म्हणून २०२१ मध्ये राज्याने करार नव्याने केला आणि सवलत ८ कोटी डॉलरवर आणली. जेवढी नोकरी तेवढीच सवलत, ही अट भांडवलशाहीच्या माहेरघरात चालते. मग आपल्याकडे ती मागितली की 'उद्योग पळून जातील' असे का म्हटले जाते?

आरक्षण : कायद्यातल्या दोन विसरलेल्या ओळी

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, असे आपण गृहीत धरून चालतो. पण दोन कायदे वाचले पाहिजेत.

पहिला, अप्रेंटिस कायद्याचे कलम ३-अ. हे १९७३ च्या दुरुस्तीने आले. प्रत्येक निर्दिष्ट ट्रेडमध्ये मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवाव्यात, राज्यातल्या त्यांच्या लोकसंख्येचा विचार करून, असे ते सांगते. हे खासगी कारखान्यालाही लागू आहे. चाकण-भोसरीत फिटर, वेल्डर, मशिनिस्ट या ट्रेडमध्ये अप्रेंटिस घेतले जातात. त्यांत राखीव जागा किती भरल्या, हे आपण कधी विचारले आहे का?

दुसरा, महाराष्ट्राचा लोकसेवा आरक्षण कायदा. २००१ चा हा कायदा २९ जानेवारी २००४ पासून लागू आहे. त्यातल्या 'आस्थापना' शब्दाच्या व्याख्येत शासन-अनुदानित संस्था येतात, आणि त्याखालच्या स्पष्टीकरणात सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा इतर आर्थिक सवलत मिळालेल्या संस्था आणि उद्योग यांचाही उल्लेख आहे. म्हणजे सवलत घेणारा उद्योग आणि आरक्षण यांचा संबंध विधिमंडळाने लिहून ठेवला आहे. खासगी उद्योगांत त्याची अंमलबजावणी दिसत नाही. २००६ मध्ये खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा पेटली तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी स्वेच्छेने आचारसंहिता स्वीकारली, आणि चर्चा स्वेच्छेवरच थांबली.

स्वेच्छा पुरत नाही, याला अभ्यासाचा आधार आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जापेक्षा लक्षणीय कमी निघाली. आपल्या पट्ट्यात तर अर्जापर्यंतही गोष्ट जात नाही. माणूस भरला जातो तो ठेकेदाराच्या ओळखीने, गावाच्या आणि भावकीच्या नात्याने. ठेके कोणाच्या हातात आहेत ते पाहिले की लाईनवर कोण आणि झाडूवर कोण, याचे उत्तर मिळते.

हे बाबासाहेबांनी आधी पाहिले होते

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धागा तुटला की तो तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. कामगारांची एकी हवी, पण त्या एकीत आपल्या माणसाला कोणत्या खात्यात जागा आहे हेही विचारले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांसोबत संप केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने कामाचा आठवडा ४८ तासांवर आला, त्यामागे त्यांचे काम आहे. जयंतीच्या फ्लेक्सवर आपण 'आठ तासांचे जनक' असे लिहितो. बारा तासांचा निर्णय होतो तेव्हा त्याच फ्लेक्सखालून किती निवेदने जातात, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

नव्या चार संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू केल्या. त्यांत उपयोगाच्या गोष्टी आहेत : प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक, आणि फिक्स टर्म कामगाराला एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी. तोट्याच्याही आहेत : कपात किंवा टाळेबंदीसाठी सरकारची परवानगी आता ३०० कामगारांपासून लागते, आधी १०० पासून लागे. स्थायी आदेशांची सक्तीही ३०० पासून. भोसरी-चाकणचे बहुसंख्य पुरवठादार कारखाने या आकड्याच्या खाली आहेत. फिक्स टर्म नेमणूक किती वेळा वाढवावी, यालाही मर्यादा घातलेली नाही. मात्र कामगाराला कायम करायचे टाळण्यासाठी वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, हे नव्या संहितेच्या परिशिष्टातही कायम आहे. ती ओळ धरून लढता येते.

आपण काय करायचे

कामावर असलेल्या प्रत्येकाने नेमणूकपत्र, पगारपत्रक, सगळी ओळखपत्रे आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात. जुने कार्ड ठेकेदाराला परत करण्याआधी त्याचा फोटो काढावा. एकाच जागी, एकाच मशीनवर काम केल्याचा पुरावा याच कागदांतून उभा राहतो.

पीएफचा यूएएन एकच ठेवावा. ठेकेदार बदलला तर नवा नंबर घेऊ नये, जुनी सेवा त्यातच जोडून घ्यावी आणि शक्य तोवर पैसे काढू नयेत. वर्गणी खरोखर भरली जाते का, हे दर महिन्याला मोबाईलवर पासबुकात पाहावे.

आयटीआय झालेल्या बौद्ध मुलांनी अनुसूचित जातीचा दाखला वेळेत काढावा. १९९० च्या दुरुस्तीपासून केंद्रातही बौद्धांना तो हक्क आहे. अप्रेंटिसशिपचा अर्ज करताना राखीव जागेचा उल्लेख करावा.

प्रत्येक विहारातल्या दोन तरी कार्यकर्त्यांनी माहितीचा अधिकार वापरायला शिकावे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. जिल्हा उद्योग केंद्र आणि उद्योग संचालनालयाला विचारावे : प्रोत्साहन योजनेत कोणत्या कारखान्याला किती सवलत दिली, आणि त्याने रोजगाराच्या अटीचा कोणता अहवाल दिला? शिकाऊ उमेदवारी सल्लागाराला विचारावे : कलम ३-अ प्रमाणे राखीव जागा किती, भरल्या किती? कामगार आयुक्तालयाला विचारावे : या कारखान्यात परवानाधारक ठेकेदार किती आणि त्यांच्याकडे कामगार किती? हे तीन अर्ज गेले तर चाकणच्या विकासाचे खरे चित्र आपल्या हातात येईल.

मागणी स्पष्ट ठेवावी : लोकांच्या पैशातून सवलत घेणाऱ्या कारखान्याने कायम नोकऱ्यांचा आणि त्यांतल्या अनुसूचित जाती-जमातींचा आकडा दर वर्षी जाहीर करावा, आणि तो पूर्ण झाला नाही तर सवलत परत घ्यावी. युनियनमध्ये जावे, आणि तिथे कंत्राटी कामगाराचे नाव सभासद यादीत घ्यायला लावावे.

त्या मुलाला मी सांगितले, तिन्ही कार्डे दाखव, पण आधी बँकेला नाही, कामगार आयुक्तालयाला. आम्ही दोघांनी बसून त्याच्या तीन वर्षांच्या तारखा एका कागदावर लिहिल्या. पुढच्या रविवारी तो त्याच लाईनवरच्या आणखी चौघांना घेऊन आला. चौघांच्या पाकिटात मिळून अकरा कार्डे होती.

जय भीम.